शेवटच्या दोन सऱ्या : वाळवा तालुक्यातल्या एका घोणसदंशाचं प्रकरण

वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात, जानेवारीत ऊसतोड चालू असताना शेतमालकाच्या चोवीस वर्षांच्या मुलाला घोणस चावली. दुसऱ्या दिवशी गावभर एकच वाक्य चाललं होतं, ‘घोणस अंगावर धावून आली.’ पोराचे वडील तेच सांगत होते, टोळीचा मुकादम तेच सांगत होता, आणि जी माणसं फडाकडे फिरकलीही नव्हती तीही पारावर बसून तेच सांगत होती.

सापांविषयी गावोगाव बोलायचं काम मी या भागात करतो, त्यामुळे हे वाक्य दर हंगामात कानावर येतं. बहुतेक वेळा त्याची शहानिशा करायला काही हाती नसतं. साप मारलेला असतो, माणसं पांगलेली असतात, जागा तुडवलेली असते. या वेळी तसं नव्हतं. चावा झाल्यावर टोळीने काम थांबवलं होतं, म्हणून फड जसाच्या तसा होता. हजर असलेली सगळी माणसं भेटली. आणि टोळीतल्या एका पोराने मोबाइलवर जेमतेम दीड मिनिटाचं चित्रण केलं होतं. ते मी त्याच फडात उभा राहून, थांबवत थांबवत पाहिलं. त्यातून जे उलगडलं ते इथे सविस्तर मांडतो. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

फड कसा होता

साधारण पाऊण एकराचा खोडवा, म्हणजे आधीच्या तोडीच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. एका बाजूला गाडीवाट, तिथे ट्रॅक्टर-ट्रॉली उभी. समोरच्या बाजूला ओढा, त्याच्या काठाने करंज आणि घाणेरीची दाटी. उरलेल्या दोन बाजूंना आधीच तोडून झालेली रानं. सकाळी टोळी गाडीवाटेकडून शिरली. मोळ्या लवकर भराव्यात म्हणून दुपारी तीन कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) ओढ्याच्या अंगाने लावले. दोन्हीकडून तोड होत आली आणि चारच्या सुमारास फडाच्या मधोमध उभ्या उसाच्या दोनच सऱ्या उरल्या.

या प्रकरणाचं मूळ मला इथेच दिसतं. उसाच्या फडात उंदीर असतात, म्हणून साप असतो. तोड सुरू झाली की तो कोयत्याच्या आवाजापासून आणि जमिनीच्या थरथरीपासून दूर, उभ्या उसात सरकत राहतो. एका बाजूने तोड झाली तर सरकत सरकत तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, कुणाला दिसतही नाही. दोन्हीकडून झाली तर मधल्या पट्ट्यात सगळंच गोळा होतं : उंदीर, मुंगूस, साप, कराड-वाळव्याच्या पट्ट्यात कधी कधी बिबट्याची पिल्लंसुद्धा. त्या दिवशी घोणसला ओढ्याकडे जायचं म्हटलं तरी मधे उघडं रान, त्यावर माणसं, आणि थरथर चहूबाजूंनी. जाणार कुठे?

वीतभर अंतरावरचा कोयता

पहिल्यांदा घोणस दिसली ती टोळीतल्या एका मामींना. बीड जिल्ह्यातून आलेल्या, अनेक हंगाम उसात काढलेल्या. ‘फुस्स झालं, मला वाटलं ट्रॅक्टरचं चाक बसलं,’ असं त्या म्हणाल्या. मग खाली पाहिलं आणि कोयता टाकून त्या मागे सरल्या.

ती बसली होती ती जागा त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवली. एका बुडख्याला लागून पाचट गोल दबलेलं होतं. त्या गोलाभोवती तीन बुडखे ताजे तोडलेले, सगळ्यात जवळचा वीतभर अंतरावर. मी विचारलं, ‘हे कुणी तोडलं?’ मामी म्हणाल्या, ‘मीच की. फुस्स व्हायच्या आदी तोडलेत.’

आता चित्रणातली एक गोष्ट सांगतो. सुरुवातीलाच घोणस त्याच जागी वेटोळं करून बसलेली दिसते आणि तिच्या पाठीवर उसाच्या वाढ्याचं एक हिरवं पान आडवं पडलेलं आहे. ओलं, ताजं पान. ती बसलेली असताना वरून पडलं आणि तिने ते झटकलंही नाही. म्हणजे मामींचा कोयता तिच्यापासून वीतभर अंतरावर तीनदा चालला, डोक्यावर पाला कोसळत राहिला, मामींचा हात बुडखा धरायला तिच्या अगदी टप्प्यात आला, आणि ती गप्प बसून राहिली. चावायचंच असतं तर याहून सोपी संधी नव्हती.

घोणस अशीच जगते. तिचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. तपकिरी अंगावर गडद काठाच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, एक पाठीच्या मधोमध आणि दोन कुशींवर. वाळक्या पाचटात ती हातभर अंतरावरूनही नजरेस पडत नाही. धोका वाटला की धामणीसारखी सुसाट पळत नाही, थिजून बसते. एरवी तिचा वावर रात्रीचा, पण थंडीत उन्हासाठी दिवसाही बाहेर असते, आणि नेमका तोच ऊसतोडीचा काळ. ‘दिसली नाही आणि पाय पडला’ अशा दंशांत ती पुढे आहे ती यामुळे. भारतातल्या दंशांचा जो मोठा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यातही सर्वांत मोठा वाटा घोणसचाच निघाला. त्याच अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली जवळजवळ निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि बहुतेक सगळी खेड्यांतली.

आवाज

वेटोळं उघडं पडल्यावर तिने आवाज सुरू केला. घोणसचा फूत्कार ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. अंग फुगवून ती हवा आत घेते आणि जोराने सोडते, कुकरची वाफ सुटावी तसा लांबलचक आवाज, थांबून पुन्हा, पुन्हा. चित्रणात तो माणसांच्या गलक्यावरूनही स्पष्ट ऐकू येतो.

तोवर टोळी गोळा झाली होती. सात-आठ माणसं अर्धगोलात, सात-आठ फुटांवर उभी. चित्रणाचा साधारण पहिला मिनिटभर एवढंच आहे : माणसं बोलतायत, घोणस फूत्कारतेय. ती एक इंचही पुढे येत नाही. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे खेचलेली, तोंड माणसांकडे. कुणी पाय हलवला की आवाज वाढतो, स्थिर झालं की कमी होतो. हा भाग मी गावातल्या बैठकीत मुद्दाम दाखवला, कारण मिनिटभराच्या त्या चित्रात तिचं म्हणणं पुरेपूर आलंय. इथवर या, पुढे नको.

त्या वेळी माणसं काय बोलत होती तेही ऐकण्यासारखं आहे. मुकादम म्हणतो, ‘अजगराचं पिल्लू हाय.’ दुसरा कुणी म्हणतो, ‘न्हाय, डुरक्या हाय ही, इख नसतंय हिला.’ आणि मालकाचा मुलगा म्हणतो, ‘फणा कुठं काढतीय?’

या तीन वाक्यांनी पुढचं सगळं घडवलं. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप. अंगाने जाड, ठिपके वेडेवाकडे एकमेकांत मिसळलेले, शेपूट आखूड आणि टोकाला एकदम निमुळतं, डोळा बारीक. त्याच्यात आणि खऱ्या घोणसमध्ये गल्लत होणं नवीन नाही, अजगराच्या पिल्लातही होते. पण ठिपक्यांच्या सुट्या, स्वच्छ तीन रांगा, चपटं त्रिकोणी डोकं आणि तो आवाज एकत्र असेल तर शंकेला जागा नाही. आणि शंका असेल तर साप विषारी धरूनच वागायचं, हे मी हात जोडून सांगतो. ओळख पटवायची परीक्षा सापाच्या दोन हातांच्या आत द्यायची नसते.

फण्याची गोष्ट मात्र आमच्या मुलखाची आहे. वाळव्याला लागूनच शिराळा. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक होत आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या रूपातली प्रथा थांबली. पण नाग कसा वागतो हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. नाग उभा राहतो, फणा काढतो, फुसकारतो, पुढे झेप घेतल्यासारखं करतो. त्यातल्या बऱ्याच झेपा तोंड मिटून असतात, समोरच्याला मागे सारण्यासाठी. नागाची ही वागणूक लोकांनी जवळून पाहिली, तिचा मान ठेवला, ही आमच्या भागाची कमाई आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. अडचण एवढीच की नागाचं माप सगळ्या सापांना लावलं जातं. फणा नाही तर विष नाही, उभा राहिला नाही तर चिडलेला नाही. दवाखान्यात मालकाचा मुलगा मला म्हणाला, ‘फणा न्हवता, म्हणून मला वाटलं डुरक्याच असंल.’ शिकलेला मुलगा आहे, पदवीधर.

ढेकूळ

चित्रणाच्या शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांत ते घडतं ज्याला सगळं गाव ‘धावून आली’ म्हणतंय.

डावीकडून कुणीतरी ढेकूळ मारतं. ते तिच्या अंगावर फुटतं. फूत्कार थांबतो, वेटोळं सुटतं आणि घोणस सरळ निघते ती मालकाच्या मुलाच्या दिशेने. आरडाओरडा होतो, मुलगा उडी मारून बाजूला होतो, मोबाइल धरलेला हात हलतो आणि चित्र संपतं.

पहिल्यांदा पाहताना मलाही ती त्याच्यावर चाल करून जातेय असंच वाटलं, इतकं ते थेट दिसतं. पण जागेवर उभं राहिलं की दुसरंच कळतं. अर्धगोलात माणसं होती ओढ्याच्या अंगाला आणि डावीकडे. उजवीकडे झाडून घेतल्यागत मोकळी, उन्हात तापलेली जमीन. आणि मालकाचा मुलगा उभा होता त्याच्या बरोबर मागे, चार-पाच फुटांवर, पाचटाचा आणि वाढ्याचा कंबरभर ढीग. आसपास लपायला तेवढी एकच जागा होती. ती ढिगाकडे निघाली होती आणि वाटेत हा उभा होता.

शेवटची काही चित्रं एकेक करून पाहिली तर आणखी दोन गोष्टी दिसतात. तिचं डोकं जमिनीलगत आहे, मान मागे खेचलेली नाही. चावायच्या बेतात असलेली घोणस अशी नसते. आणि मुलगा बाजूला झाल्यावर ती त्याच्याकडे वळत नाही, सरळ रेषेत पुढे जाते. त्याच्या पायापासून दोन फुटांवरून ती गेली, हे मुकादमानेही नंतर मान्य केलं. ‘गेली ढिगात,’ तो म्हणाला. मग तासाभरात तेच ‘अंगावर आली’ कसं झालं, याचं उत्तर सोपं आहे. त्यानंतर चावा झाला, आणि चाव्यानंतर मागचं सगळं त्याच रंगात दिसायला लागलं.

ढीग

चावा चित्रणात नाही. तो पुढे दहा-बारा मिनिटांनी झाला. ट्रॉली भरायची राहिली होती, टोळी दमली होती, अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. दोन सऱ्या तोडायच्या तर घोणस ढिगात आहे की निघून गेली, हे बघायला हवं असं मालकाच्या मुलाला वाटलं. हातात काठी होती, पण काठीने वरचं पाचट उचकटल्यावर खालचं त्याने पायाने सारलं. पायात चप्पल.

या वेळी आवाज आला नाही. मी दोघातिघांना वेगवेगळं विचारलं, सगळ्यांचं एकच, फुस्स झालं नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या वर, चवड्यावर चावा बसला. त्याला तो दिसलाही नाही, फक्त आग झाली.

घोणस आवाज करते म्हणजे दरवेळी करेलच, असं समजणं जिवावर बेततं. ती इशारा देते ते आपण उघडे पडलो असं तिला वाटलं तर. लपलेली असताना ती गप्प राहण्यावरच विसंबते, आणि अंगावर पाय आला की इशाऱ्याची वेळ टळलेली असते. ढेकूळ बसलेली, दुखावलेली, ढिगात दडलेली घोणस, आणि वरून पाऊल. तिची झेप अंगाच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत सहज जाते, आणि इतकी जोरकस असते की पुढचं बरंचसं अंग जमिनीवरून उचललं जातं. घोणस सुस्त साप आहे असं काही जण सांगतात. चालताना सुस्त, चावताना मुळीच नाही.

एकाच घोणसने अर्ध्या तासाच्या आत चार वेगवेगळी वागणूक दाखवली. वीतभर अंतरावर कोयता असताना गप्प. उघडी पडल्यावर आवाज, पण जागेवरच. मार बसल्यावर पळ, तोही जवळच्या आडोशाला. आडोशातच गाठल्यावर चावा. साप तोच होता. बदललं ते माणसांचं अंतर आणि तिला निसटायला उरलेली वाट. म्हणून ‘घोणस आक्रमक असते का’ या प्रश्नापेक्षा मी लोकांना वेगळे प्रश्न विचारायला सांगतो : ती किती अंतरावर होती, हलली कोण आधी, आणि तिच्या मागे-पुढे आडोसा कुठे होता? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की ‘धावून आली’ या वाक्यातलं बहुतेक उलगडतं. साप माणसाचा पाठलाग करत नाही. त्याला आपल्याकडून काहीच मिळवायचं नसतं, आणि विष बनवायला वेळ लागतो, ते शिकारीसाठी असतं.

दुसऱ्या विषारी सापांचं हेच सूत्र, पण रीत प्रत्येकाची वेगळी. आटपाडी, जत, माण, खटाव या माळरानांवरचं फुरसं वीत-दीड वीत लांबीचं, पण झेप घ्यायला फार तत्पर. खरखरीत खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं आणि दगडाखाली बसतं. दगड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत, आपल्याकडे ओढून उलटवायचा, म्हणजे दगडाची आड राहते. मण्यार तर इशारा देतच नाही म्हटलं तरी चालेल. दिवसा डिवचली तरी डोकं वेटोळ्यात खुपसून बसते, आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा चावा इतका बिनदुखीचा की माणसाला जाग येईलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांमध्ये) मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घोणसची नाही, मण्यारची. जमिनीवर झोपणारी लेकरं असतात तिथे. चहूबाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

दवाखान्यात काय झालं

चावल्यावर कुणीतरी पोटरीला दोरी आवळली. ब्लेडने चीर द्यायचीही गोष्ट निघाली. एका पाहुण्याने देवळात न्यायला सांगितलं. मुलाच्या आईने दोरीपुढचं काहीच होऊ दिलं नाही. ‘आदी दवाखाना, मग द्येव,’ एवढं म्हणून तिने त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं. चालत गाडीवाटेपर्यंतही जाऊ दिलं नाही, उचलून नेलं. तिचं हे वागणं अक्षरशः नियमाबरहुकूम होतं. चावलेला पाय हलला की विष लवकर पसरतं, आणि वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट. १०८ ची गाडी यायला वाट बघावी लागणार असेल तर असं नेणं बरोबर. चाळीस मिनिटांत ते ग्रामीण रुग्णालयात होते.

चित्रण तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि घोणस असल्याचं सांगितलं, पण उपचार त्यावर ठरवले नाहीत. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते ती याचसाठी. सिस्टरांनी दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतलं, नळी उभी केली आणि वेळ लिहिली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही, नाहीतर रक्त गोठायची क्रिया बिघडून चुकीचं उत्तर मिळतं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त काचेच्या कडेने वाहत आलं. गोठलं नव्हतं. घोणसचं विष रक्तातले गोठवणारे घटक भराभर खर्चून टाकतं, मग जिथे जखम आहे तिथे आणि कधी कधी आतल्या आत रक्त वाहत राहतं. एका काचेच्या नळीने हे तालुक्याच्या ठिकाणी, कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. खेड्यापाड्यातल्या वैद्यकाची ही फार मोलाची चाचणी आहे असं मी मानतो.

दोरी डॉक्टरांनी सलाइन लावल्यावर, हळूहळू सैल केली. एकदम सोडली असती तर अडलेलं विष एकाच वेळी वर चढायची भीती. मग सर्पविषविरोधी इंजेक्शनच्या दहा बाटल्या सलाइनमधून तासाभरात दिल्या. हे औषध घोड्याच्या रक्तद्रवातून बनतं आणि आपल्याकडे मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात झुडपांवर बसणारा हिरवा चापडा त्यात येत नाही, पण त्याचा चावा सहसा दुखणं आणि सूज यावरच निभावतो. औषध सुरू झाल्यावर मुलाला थंडी वाजून आली, अंगावर गांध्या उठल्या. ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन तयारच होतं, तेवढ्याने आटोक्यात आलं. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा रक्त पातळ. आणखी बाटल्या. पहाटेच्या तपासणीत रक्त गोठलं.

तरी इथे संपलं नाही. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. घोणसच्या विषाचा मूत्रपिंडावर असाच मार बसतो. म्हणून रक्त गोठलं की ‘बरा झाला’ म्हणून घरी नेणं घातक. त्याला मिरजेला हलवलं, दोनदा डायलिसिस करावं लागलं, मग मूत्रपिंडं सावरली. काही आठवड्यांनी तो घरी आला. चवड्यावरची कातडी काळी पडून निघाली, तिथली जखम भरायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पुढच्या फडाचं काय

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दोन सऱ्या तोडल्या तेव्हा मी तिथे होतो. ढीग लांब दांड्याच्या फावड्याने उलगडला. घोणस नव्हती. रात्री उघडं रान मोकळं झाल्यावर ती ओढ्याकडे गेली असणार. मालकांनी तिला शोधून मारायचं म्हटलं नाही, याचं मला मनापासून बरं वाटलं. साप घरात किंवा गोठ्यात अडकला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं असतं. ओढ्याकाठच्या सापाला तेवढीही गरज नाही.

मालकांचे आणखी दोन फड तोडायचे होते. मी सुचवलं, गाडीवाटेकडून सुरू करा आणि सरळ ओढ्याकडे चला, दोन बाजूंनी टोळी लावू नका. ऐकायला सोपं वाटतं, पण मुकादमाने लगेच अडचण मांडली आणि ती खरी होती. एका बाजूने तोडत गेलं की मोळी वाहायचं अंतर दर तासाला वाढतं. टोळीला मजुरी टनावर मिळते, अंतरावर नाही. ट्रॉली फडात आत घेतली तर अंतर वाचतं, पण चाकाखाली बुडखे दबतात आणि खोडवा फुटत नाही, मग नुकसान मालकाचं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की जो फड मोडून नांगरायचा आहे तिथे ट्रॉली आत घालायची, आणि ज्याचा खोडवा ठेवायचा आहे तिथे मोळ्या वाहायला दोन जादा माणसं मालकांनी द्यायची. दोन्ही फड तसेच तोडले. शेवटच्या तासाला उंदीर आणि एक मुंगूस ओढ्याकडे पळताना टोळीने पाहिलं.

पाणी पाजणाऱ्या दोन गड्यांसाठी मालकांनी गमबूट आणि चांगल्या बॅटऱ्या घेतल्या. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की दारं धरायला अंधारात सरीत उतरावं लागतं, आणि घोणसचा वावरही तेव्हाच. वीज दिवसा मिळावी ही मागणी शेतकरी किती वर्षं करतायत, तिच्यात सर्पदंशाचा मुद्दा जितक्या ठासून यायला हवा तितका अजून येत नाही.

टोळीच्या पायांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. गमबूट घालून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढता येत नाही, पाय सटकतो, असं मामींनी सांगितलं आणि चढून दाखवलं. घोट्याच्या वर येणारे जाड कापडी बूट चालतील, असं बायकांचं मत पडलं. ते कारखान्याने द्यावेत म्हणून टोळीने चिटबॉयकडे (तोडीवर देखरेख ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे) अर्ज दिला आहे, सोबत प्रत्येकाच्या पायाचं माप लिहून.